आधी भाऊसाहेबांना विचारा

'माहिती प्रणालींचे विश्लेषण आणि रचना'. एवढं नाव वाचूनच निम्मी मंडळी पुढे वाचणार नाहीत, याची मला कल्पना आहे. पण जरा थांबा. विषय वाटतो तितका परका नाही. कुठल्याही खिडकीपुढे उभं राहून "सिस्टीममध्ये दिसत नाही हो" हे वाक्य ज्यानं ज्यानं ऐकलंय, त्याचा या विषयाशी संबंध आलेला आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांचाच आला.

माझी नात बी.सी.ए. करते. तिला हा विषय आहे. तिचं जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर पडलेलं असतं, आणि छापील कागद दिसला की वाचायची माझी सवय घरच्यांना ठाऊकच आहे. मी मराठी माध्यमाचा बी.ए., त्यामुळे इंग्रजी वाचताना वेळ लागला. पण पन्नासएक पानं झाल्यावर लक्षात आलं, अरे, हे तर आपण शाळेच्या ऑफिसात रोज पाहत होतो! फक्त नावं वेगळी.

पुस्तकात पायऱ्या दिल्या आहेत. एखाद्या संस्थेला संगणकावर काम आणायचं असेल तर आधी ते परवडेल का, जमेल का हे तपासायचं. मग लोकांच्या गरजा जाणून घ्यायच्या. चालू कामाचं विश्लेषण करायचं. मग नव्या प्रणालीची रचना, मग प्रोग्राम लिहिणं, चाचणी, प्रत्यक्ष वापर आणि पुढे कायमची देखभाल. सगळं बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच, की यातल्या गरजा जाणून घेण्याच्या पायरीला पुस्तकात एक धडा मिळतो, प्रत्यक्षात अनेकदा एक दुपार मिळते, आणि पुढचं सगळं यश-अपयश त्या एका दुपारीत ठरून जातं.

आता 'प्रणाली' म्हणजे काय ते आधी पाहू. प्रणाली म्हणजे संगणक नव्हे. एखादं काम करणारी माणसं, त्यांचे नियम, त्यांचे कागद आणि कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो त्याच्या वाटा, हे सगळं मिळून प्रणाली. संगणक त्यात असेल किंवा नसेल.

आपल्या शाळांचं जनरल रजिस्टर घ्या. माझ्या मते ही एक उत्तम रचलेली माहिती प्रणाली आहे. मूल शाळेत दाखल झालं की त्याला रजिस्टर क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या मुलाला मिळत नाही, मूल शाळा सोडून गेलं तरी नाही. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली तरी घोटाळा होत नाही. नातीच्या पुस्तकात याला 'प्रायमरी की' म्हणतात. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहायची. कारण 1 चा 7 करता येतो, 'एक' चा 'सात' करता येत नाही. खाडाखोड करायची नाही. दुरुस्ती करायची तर तांबड्या शाईनं, मुख्याध्यापकांच्या सहीनं, आणि महत्त्वाची असेल तर वरच्या कार्यालयाच्या मंजुरीनं. म्हणजे जुनं काय होतं, नवं काय झालं आणि कोणी केलं, तिन्ही गोष्टी कागदावर राहतात. शेवटी 'शेरा' नावाचा एक रुंद रकाना. जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते तिथे.

हे सगळं कोण्या इंजिनिअरनं एका बैठकीत ठरवलेलं नाही. वर्षानुवर्षं फसवणुकी झाल्या, वाद झाले, कज्जे झाले, आणि त्यातून एकेक नियम आला. रजिस्टरचा प्रत्येक रकाना म्हणजे कुठल्या तरी जुन्या भांडणाचा निकाल आहे. म्हणून संगणक आणणाऱ्यानं जुनी वही 'मागासलेली' म्हणून बाजूला सारायची नसते, ती आधी वाचायची असते. हा रकाना इथे का आला, असं विचारायचं असतं.

विश्लेषणाची एक चांगली रीत पुस्तकात आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत एड यॉर्डन, टॉम डीमार्को वगैरे मंडळींनी ती रूढ केली. कामाचं चित्र काढायचं. प्रत्येक कामाला एक वर्तुळ, माहिती जिकडून जिकडे जाते तिकडे बाण, आणि माहिती साठवून ठेवायच्या जागेला दोन समांतर रेघा. याला 'डेटा फ्लो डायग्राम' म्हणतात. नातीला मी म्हटलं, शाळा सोडल्याच्या दाखल्याचं काढून दाखव. तिनं तीन वर्तुळं काढली: अर्ज आला, रजिस्टरमध्ये पाहिलं, दाखला दिला. संपलं!

मी म्हटलं, बाई गं, मध्ये बरंच काही आहे. ग्रंथालयाची पुस्तकं परत आली का? दाखला पूर्वी एकदा दिलेला आहे का? असेल तर यावर 'दुय्यम प्रत' लिहावं लागेल. दाखला दिल्यावर रजिस्टरमध्ये सोडल्याची तारीख आणि कारण कोण लिहिणार? हजेरीपटातून नाव कोण कमी करणार? दाखल्याची स्थळप्रत कुठे राहणार? बोलता बोलता तिच्या चित्रात अकरा वर्तुळं झाली. ती म्हणाली, "आबा, हे तुम्हाला कसं ठाऊक?" म्हटलं, मला नाही, आमच्या भाऊसाहेबांना ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजारी बसायचो एवढंच.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क. खेड्यातल्या शाळेत क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात. त्यांच्याकडे सरकारी नमुन्यातली सगळी रजिस्टरं होतीच, पण टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वहीही होती. ती कुठल्याही तपासणीत दाखवली जात नसे. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलंही सोबत जातात. ती शाळा सोडून गेलेली नसतात आणि शाळेत हजरही नसतात. रजिस्टरच्या भाषेत अशा मुलाला जागा नव्हती. भाऊसाहेबांच्या वहीत होती. कोणतं मूल कुठल्या कारखान्याकडे गेलं, कोणाबरोबर गेलं, म्हाताऱ्या आजीकडे कोण मागे राहिलं, मुकादमाचं नाव काय, सगळं पेन्सिलनं टिपलेलं. एप्रिलमध्ये गाड्या परतल्या की त्या वहीवरून आम्ही शिक्षक घरोघर जायचो आणि मुलं परत वर्गात आणून बसवायचो.

पुढे शाळेत संगणक आला. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचा मुलगा आला, हुशार होता, नम्रही होता. मुख्याध्यापकांशी तासभर बोलला, प्रत्येक रजिस्टरचा एकेक कोरा नमुना घेतला आणि गेला. भाऊसाहेबांकडे तो पाणी प्यायला तेवढा थांबला. महिन्याभरानं प्रोग्राम आला. छान दिसत होता. त्यात मुलाची स्थिती निवडायला दोनच पर्याय होते, 'शिकत आहे' आणि 'शाळा सोडली'. ऊसतोडीला गेलेल्या मुलाला 'शिकत आहे' म्हणावं तर सलग गैरहजेरी म्हणून प्रोग्राम तांबडं करून दाखवायचा. 'शाळा सोडली' म्हणावं तर परत आल्यावर नवा क्रमांक, म्हणजे नवं मूल! दोन वर्षांत एकेका मुलाची तीन-तीन मुलं झाली. भाऊसाहेबांनी वही काही बंद केली नाही. उलट दुसरी घेतली, संगणकातलं कोणतं मूल खरं हे लिहायला.

यात कोणाची लबाडी नव्हती. मुख्याध्यापकांनी नियमाप्रमाणे काम कसं चालतं ते सांगितलं, आणि त्या मुलानं ते इमानानं उतरवलं. पण नियमाप्रमाणे चालणारं काम आणि प्रत्यक्ष चालणारं काम यांत फरक असतो, तो फरक खणातल्या वहीत असतो. माझ्या लेखी प्रणालीचा अभ्यास करणाऱ्याची पहिली परीक्षा हीच: खणातली वही त्याच्यासमोर उघडली जाते की नाही? ती उघडायला विश्वास लागतो. विश्वासाला वेळ लागतो. आणि वेळ कंत्राटात धरलेला नसतो.

नात यावर म्हणते, "आबा, पण वापरणाऱ्यांना नेमकं काय हवंय हे त्यांनाच सांगता येत नाही, असं सर म्हणतात." खरं आहे ते. भाऊसाहेबांना विचारलं असतं 'तुमच्या गरजा सांगा', तर ते म्हणाले असते, 'साहेब ठरवतील ते.' पण त्यांच्या टेबलाजवळ जून महिन्यात चार दिवस आणि नोव्हेंबरात चार दिवस कोणी बसलं असतं, तर न विचारताही सगळं कळलं असतं. पाहून कळतं ते विचारून कळत नाही. शेतकऱ्याला जमिनीविषयी प्रश्नावली देत नाहीत, त्याच्याबरोबर बांधावरून फिरतात.

आता गावातून जरा मोठ्या जागी येऊ. 2017 साली मुंबई विद्यापीठात काय झालं ते अनेकांच्या लक्षात असेल. उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असं ठरलं. उत्तरपत्रिका 17 लाखांच्या आसपास. कल्पना वाईट नव्हती. गुणांची बेरीज चुकत नाही, कोणाचा पेपर कोणाकडे गेला ते कळत नाही, पेपर गठ्ठ्यातून हरवत नाही. पण हे सगळं एकदम, सगळ्या शाखांना, एकाच हंगामात आणि पुरेशी तयारी न करता. स्कॅनिंग मागे पडलं. अनेक प्राध्यापकांना पडद्यावर पेपर तपासायचा सराव नव्हता. काही मुख्य उत्तरपत्रिका आणि त्यांच्या पुरवण्या यांची ताटातूट झाली. निकाल नियमाप्रमाणे 45 दिवसांत लागायला हवेत; कुलपतींनी म्हणजे राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही टळली आणि बहुतेक निकाल लागायला सप्टेंबर उजाडला. तोवर कित्येक मुलांचे पुढचे प्रवेश अडले, परदेशी जाणाऱ्यांची पंचाईत झाली. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं.

त्या वेळी वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कंपनी, कंत्राट आणि कुलगुरू यांची. मला राहून राहून पुरवणी आठवत होती. ज्यानं आयुष्यात एकदा तरी परीक्षेची पर्यवेक्षणाची ड्युटी केली आहे, त्याला ठाऊक असतं की पुरवणी ही सगळ्यात नाजूक चीज. मुलं शेवटच्या दहा मिनिटांत घाईनं मागतात, दोरा घट्ट बांधत नाहीत, वर क्रमांक लिहायचा विसरतात. म्हणून तर गोळा करताना पर्यवेक्षक प्रत्येकीची गाठ ओढून पाहतो. दोऱ्यानं बांधलेल्या दोन कागदांचं नातं, गाठ सोडून स्कॅन केल्यावर कशानं टिकणार? हा प्रश्न साध्या पर्यवेक्षकानंही विचारला असता. पुढे हीच पडद्यावरची तपासणी सुधारणा होऊन चालू राहिली. म्हणजे यंत्र चुकीचं नव्हतं, घाई चुकीची होती.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे, आणि ते फार मोठं आहे. रेल्वेचं आरक्षण. आमच्या तरुणपणी गाडीगाडीची वेगळी खिडकी असे, आत भलीथोरली रजिस्टरं. एका खिडकीवर जागा नाही म्हटलं की दुसऱ्या रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं. परतीच्या तिकिटासाठी पलीकडच्या स्टेशनला तार जायची. रेल्वेनं सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीबरोबर काम केलं, आणि 1985 मध्ये फक्त नवी दिल्लीत सुरुवात केली. तिथे घडी बसल्यावर एकेक करत इतर शहरं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना पूर्ण जोडली जायला 1999 साल उजाडलं. चौदा वर्षं! मध्ये कोटे, सवलती, प्रतीक्षा यादी, रद्द तिकिटांचा परतावा, हे नियमांचं जंगल होतंच. ते जंगल तोडलं नाही, त्यातून वाट काढली. आज आपण घरबसल्या मोबाईलवर तिकीट काढतो ते त्या सावकाशीच्या जोरावर. 'आधी एका जागी करून पाहा' हा उपदेश आजीबाईचा वाटतो, पण पुस्तकातही तोच आहे.

दुसरा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. प्रणाली चुकणार, हे धरूनच तिची रचना करायला हवी. मग चूक झाल्यावर माणसानं जायचं कुठे?

आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय झाली, आणि सोय खरोखर चांगली आहे. पण एका वर्षी एका बँकेत यंत्र माझा ठसा घेईना. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा पुसट होतात, त्यात आयुष्यभर खडू धरलेला. दहाही बोटं झाली. समोरचा मुलगा मला नावानं ओळखतो, त्याच्या आईला मी शिकवलंय, पण पडद्याच्या हिशेबी मी हयात असल्याचा पुरावा नाही! कागदी फॉर्म चालतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले तेव्हा मी पुन्हा जिवंत झालो. पुढे 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयही आली. म्हणजे कोणीतरी आमच्या बोटांचा विचार केला. पुस्तकातली 'देखभाल' ही पायरी ती हीच.

माझी एक फेरी वाढली, त्यापलीकडे काही बिघडलं नाही. पण पडद्यावरचा आकडा खरा आणि समोरचा माणूस खोटा, असं एकदा ठरलं की काय होतं, ते इंग्लंडच्या पोस्टानं दाखवून दिलं. तिथे 1999 पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली टपाल कार्यालयांत आली. छोट्या गावांतली पोस्टं चालवणाऱ्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. तूट प्रणालीतल्या दोषांमुळे होती, पण चोर ठरले पोस्टमास्तर. 2015 पर्यंत 900 हून जास्त माणसं दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी घरं विकून 'तूट' भरली. अनेकांनी पुढे सांगितलं की मदतीसाठी फोन केला तेव्हा 'अशी तक्रार फक्त तुमचीच आहे' असं उत्तर मिळायचं. 2019 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं प्रणालीतले दोष मान्य केले आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून ते निकाल रद्द करावे लागले. हिशेब न जुळल्यावर 'प्रणालीही चुकू शकते' असं म्हणायची एक अधिकृत वाट सुरुवातीपासून असती, तर? आपल्या जनरल रजिस्टरात तांबड्या शाईची वाट होती हो!

गरजा तर बदलतच राहतात. मार्च 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारनं ठरवलं की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम असेल. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण प्रणालीच्या दृष्टीनं पाहा: नावासाठी तीनच चौकटी आखलेल्या सगळ्या ठिकाणी आता चौथी हवी. ज्यानं आईच्या नावाला आधीपासून जागा ठेवली होती, त्याचं काम सोपं. ज्यानं ठेवली नव्हती, त्याला घर पाडून खोली वाढवावी लागणार. नकाशा कागदावर असतो तोवर रबरानं खोडता येतो. स्लॅब पडल्यावर नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर कोणी विचारेल, मास्तर, तुमचा संगणकाला विरोध आहे का? अजिबात नाही. आजचे शिक्षक मोबाईलवर हजेरी भरतात. आमच्या वेळी एकच पटसंख्या पाच वेगवेगळ्या नमुन्यांत पाच वेगवेगळ्या टेबलांना पाठवताना मी किती शनिवार घालवले, ते माझं मला माहीत. एक माहिती एकदाच घ्यावी आणि ज्याला हवी त्यानं तिथून उचलावी, हे संगणकाचं तत्त्व मला तरुणपणी मिळालं असतं तर चार पुस्तकं जास्त वाचून झाली असती. माझा आग्रह आहे तो क्रमाचा. आधी माणसं, मग त्यांचं काम, मग कागद आणि सगळ्यात शेवटी यंत्र.

हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक सूचना आहे. मुलांना 'ग्रंथालय प्रणाली' आणि 'रुग्णालय प्रणाली' यांच्या तयार आकृत्या पाठ करायला लावू नका. प्रत्येकाला पंधरा दिवस एखाद्या खऱ्या ऑफिसात बसवा. ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध डेअरी, शाळा, कुठेही. लॅपटॉप घरी ठेवून, वही-पेन्सिल घेऊन. परत आल्यावर एकच प्रश्न विचारा: तिथल्या नियमात नसलेली, पण रोज केली जाणारी अशी किती कामं तुला दिसली? ज्याला पाच सांगता येतील तो पास. आणि त्यानं रचलेल्या प्रणालीत एक रुंद 'शेरा' रकाना आणि एक तांबड्या शाईची बाटली आहे का, तेही पाहा.

आपल्या नात्यात आणि ओळखीत आता किती तरी मुलंमुली पुण्यात, बंगळुरूला, अमेरिकेत हेच काम करतात. त्यांनी बनवलेल्या पडद्यांपुढे उद्या कोणाची तरी आजी, कोणी ऊसतोडीहून परतलेलं पोर उभं असणार. बाळांनो, तुम्ही त्यांना ओळखत नाही, पण तुमच्या दोन पर्यायांवर त्यांचं वर्ष अवलंबून असतं. तेव्हा साहेबांशी जरूर बोला, पण त्याआधी पाणी प्यायला थांबता ना, तिथेच जरा खुर्ची ओढून बसा.

असो. लांबलं जरा. तुमच्यापैकी कोणी ऑफिसात खिडकीच्या आत बसलं असेल, तर तुमच्या खणातल्या वहीत काय काय होतं, ते मला जरूर कळवा. नातीला दाखवायचं आहे.